छतावर दोन बोटं बर्फ राहू द्या

मागच्या अंकात गळतीबद्दल लिहिताना एक वाक्य ओघात येऊन गेलं होतं : ‘कॅनडात कॅलगरीला लेकीकडे असताना जावयाच्या मोटरहोमचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, छत मी स्वतःच्या हातानं फाडलं.’ इंदूरच्या देवास नाक्यावर पस्तीस वर्षं बसच्या बॉड्या बांधलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य संपादकांना गमतीचं वाटलं, आणि वाचकांना त्याहून जास्त. या वेळच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रं छतावरच्या बर्फाचीच निघाली. तेव्हा हा हप्ता बर्फाचा. बाहेर ऊन पडलंय, पुढ्यात पोह्यांची बशी आहे आणि मी उणे वीस अंशांच्या गोष्टी लिहितोय.

काका, माझा मुलगा कॅलगरीजवळ राहतो. यंदा त्यानं जुनं, चोवीस फुटी मोटरहोम घेतलं. ते घरामागे उभं आहे आणि छतावर फूटभर बर्फ साचलाय. तो म्हणतो, रविवारी वर चढून फावड्यानं सगळं साफ करतो, नाहीतर छत खाली बसेल. मी म्हणते चढू नकोस. कोणाचं खरं? — एक वाचक, रामबाग, इंदूर

वहिनी, वजनाची त्याची भीती खरी आणि चढण्याची तुमची भीतीही खरी. फावड्याची भीती मात्र दोघांनाही वाटलेली दिसत नाही. माझा घात त्यानंच केला.

आधी वजनाचं बघू. बर्फ किती उंच दिसतो यावरून वजन कळत नाही. ताजा, कोरडा, पिठासारखा भुरभुरीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो, कधी त्याहून हलका. तोच दबला, ओला झाला की तीनशेच्या पुढे जातो. आणि पाणी गोठून झालेली लादी, आपल्या गोळेवाल्याकडे गोणपाटाखाली असते तशी, नऊशेच्या वर. म्हणजे फूटभर भुरभुरीत बर्फाचं जे वजन, तेच जेमतेम सव्वा इंच जाड लादीचं. तुमच्या मुलाच्या गाडीचं छत सात मीटर बाय अडीच धरू, साडेसतरा चौरस मीटर. फूटभर ताजा बर्फ असेल तर सव्वापाचशे किलो, एक धष्टपुष्ट म्हैस वर बसवल्यासारखं. तेवढीच उंची ओल्या बर्फाची असेल तर दीड टनाच्या पुढे. म्हणून फोटो पाहून ना घाबरायचं, ना निर्धास्त व्हायचं.

मी वजनाला डबा वापरला. लेकीच्या स्वयंपाकघरात पोह्यांचा स्टीलचा डबा होता, सरळ भिंतीचा, तोंड बरोबर वीस सेंटिमीटर. गाडीच्या कडेला शिडी लावायची, हात पोचेल तिथं डबा बर्फात उपडा दाबायचा, छताला अलगद टेकेपर्यंत. खालून प्लास्टिकचं पातळ ताट सरकवायचं, उलटा करून आत आणायचा आणि काट्यावर ठेवायचा. डब्याचं वजन वजा करून उरलेल्या किलोला बत्तीसनं (हा आकडा वीस सेंटिमीटर तोंडाच्याच डब्याचा) गुणलं की चौरस मीटरला किती भार आहे ते कळतं. डबा बुटका असेल तर दोन थरांत मोजा. माझ्या डब्यात गाडीच्या पुढच्या अंगाला ५०० ग्रॅम आले, म्हणजे चौरस मीटरला सोळा किलो. आणि छतावरच्या एसीच्या मागे, जिथं वाऱ्यानं बर्फ रचून ठेवला होता, तिथं २ किलो २०० ग्रॅम. सत्तर किलो! एकाच छतावर, सहा पावलांच्या अंतरात. लेक म्हणाली, ‘बाबा, त्या डब्यात आता पोहे ठेवायचे का?’ मी म्हटलं, पाणीच आहे ते.

छत किती पेलेल, हा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा. तो गाडीच्या पुस्तकात पाहावा किंवा बनवणाऱ्या कंपनीला विचारावा. घराच्या छतावरून अंदाज बांधू नये. घराला तुळया असतात. या गाड्यांना पातळ पट्ट्यांची चौकट, वर जेमतेम बोटभर जाडीचं प्लाय आणि त्यावर एक कातडं. बऱ्याच उत्तर अमेरिकी गाड्यांत हे कातडं रबराचं असतं, जाडी एक-सव्वा मिलिमीटर. आपली बस पत्र्याची. तिच्या छतावर चार माणसं टपाच्या सामानासकट बसतात, आणि माझी सगळी अक्कल त्या टपावर घडलेली. तिथंच चुकलो.

कॅलगरीला चिनूक नावाचा वारा येतो. रॉकी पर्वत ओलांडून हवा खाली उतरते, उतरताना दाबली जाते आणि ऊबदार, कोरडी होऊन गावात शिरते. पश्चिमेला डोंगरांवर ढगांची लांबच लांब कमान दिसली की शेजारी म्हणतात, आला. जानेवारी २०१८ मध्ये मी पाहिला तो दिवस असा : सकाळी उणे १९, दुपारी अधिक ६. पागोळ्या लागल्या, रस्त्याच्या कडेनं ओढे वाहू लागले, मी अंगणात नुसत्या स्वेटरवर उभा. वाटलं, झालं, आपोआप साफ होणार. संध्याकाळी वारा पडला, पारा खाली गेला आणि रात्रीत अर्धवट वितळलेल्या सगळ्याची लादी झाली. सकाळी जावई कामावर गेला, मी शिडी लावली आणि अॅल्युमिनियमच्या धारेचं फावडं घेऊन छतावर चढलो. वय तेव्हा बासष्ट. कोणी खाली उभं नाही, बुटांखाली काच.

पहिले चार-पाच घाव छान लागले. लादीचे तुकडे उडत होते, मला देवास नाक्यावरचे दिवस आठवत होते. सहाव्या घावाला बाथरूमवरच्या झडपेचं, म्हणजे हवा जाण्यासाठी छतात ठेवलेल्या भोकाचं, झाकण फुटलं. झाकण म्हणजे चौदा इंची चौकोनी प्लास्टिक. उन्हाळ्यात त्याच्यावर मूठ आपटली तरी काही होत नाही, पण उणे चौदाला ते पापडासारखं गेलं. ते दिसलं म्हणून त्याला पिशवी बांधली, नवं आणून बसवलं. न दिसलेलं दुसरंच होतं. मागच्या शिडीच्या वर, कडेपासून वीतभर आत, फावड्याच्या कोपऱ्यानं रबरात नखाएवढा छेद पडला होता, इंग्रजी एल अक्षरासारखा. वर पुन्हा बर्फ पडला आणि तो झाकून गेला. एप्रिलमध्ये बाथरूमच्या कोपऱ्यात छताला चहाच्या बशीएवढा तपकिरी डाग आला. बोटानं दाबलं तर प्लाय भिजलेल्या खारीसारखं आत गेलं. जावई इतकंच म्हणाला, ‘असू द्या बाबा.’ त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा वहिनी, मुलाला सांगा : फावडं गॅरेजमध्ये ठेव. दुकानात लांब दांड्याचा, फोमच्या किंवा मऊ रबराच्या डोक्याचा बर्फ ओढायचा दांडा मिळतो. मऊ केसांचा रुंद झाडूही चालतो. जमिनीवरून किंवा बाजूच्या शिडीवरून, कुणीतरी शिडी धरलेली असताना, थोडा थोडा बर्फ कडेला ओढायचा. सुरुवात जिथं ढीग मोठा तिथून. एक बाजू पूर्ण मोकळी आणि दुसरी भरलेली, असं करू नये. आळीपाळीनं दोन्ही बाजू हलक्या करत जावं. आपण उभे आहोत तिथं बर्फ अंगावर येणार नाही इतकं तिरकं उभं राहावं. ओला बर्फ खांद्यावर पडला तर माणूस शिडीसकट आडवा होतो.

आणि शेवटचा थर सोडून द्यायचा. दोन बोटं. खाली छत दिसेपर्यंत खरवडायचं नाही. त्या दोन बोटांचं वजन काहीच नसतं, आणि त्याच्याखाली झडपा आहेत, अँटेना आहे, सांध्यांवर भरलेलं सीलंट आहे, त्यातलं काय कुठं आहे ते बर्फात दिसत नाही. माझं ऐकून तो उन्हाळ्यात छताचा एक फोटो काढून फ्रिजवर लावेल तर पुढच्या हिवाळ्यात दांडा कुठं फिरवायचा नाही ते कळेल.

लादी झालीच असेल तर तिला हात लावू नये. आतला हीटर मंद लावून चार-सहा तास गाडी ऊबदार केली की लादी खालून सुटते आणि मऊ दांड्यानं सरकते. सुटायच्या वेळी मात्र खाली पोरं, कुत्रा कोणी नको. आणि हीटर लावायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारावी. भिंतीवरचं हीटरचं धुराचं तोंड आणि गॅसवरच्या फ्रिजची छतावरची जाळी बर्फानं बुजली असेल तर धूर आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चढण्याबद्दल तुमचं म्हणणं त्याला पटत नसेल तर त्याला एक विचारा : गाडीला कारखान्याची मागची शिडी आहे का? शिडी दिलेली असते ती छतं बहुतेक चालण्याजोगी असतात. शिडी नसेल तर चढायचा प्रश्नच मिटला. आणि असली तरी बर्फात नको.

छतावर मीठ टाकलं तर बर्फ वितळणार नाही का? किंवा गरम पाणी? — स्नेहलतागंज, इंदूर

वितळेल. पण मग ते पाणी जाईल कुठं? छताच्या कडेच्या पन्हळीत जाऊन पुन्हा गोठेल, आणि पन्हळ, दारावरचं रबर, पायरी सगळं लादीत चिणलं जाईल. उणे दहाच्या प्लास्टिकवर उकळतं पाणी पडलं तर त्याला तडा जातो, हे घरातल्या काचेच्या ग्लासवरून कळावं.

मिठाचं तर नावच काढू नका. कच्छहून मीठ भरून येणारे ट्रक माझ्याकडे दुरुस्तीला यायचे. वरून रंग ठीक, आणि खाली हात लावला की पत्रा पापुद्रे सोडायचा. बोल्ट फिरवला की डोकं हातात. छतावरच्या मिठाचं पाणी स्क्रूंच्या भोकांतून, शिडीच्या बोल्टांवरून, बाजूच्या अॅल्युमिनियमवरून खाली उतरतं. रस्त्यावर टाकतात ते टाकू द्या, तो रस्ता आपल्याला विकायचा नाहीये.

काका, मी दांडिया बाजारातून लिहितेय. लेक-जावई न्यू जर्सीत असतात. ख्रिसमसच्या सुट्टीत त्यांना छोटं मोटरहोम घेऊन पेन्सिल्व्हेनियात जायचंय. शेजाऱ्यांनी त्यांना घाबरवलंय की छतावर बर्फ ठेवून निघालात तर पोलीस धरतात. खरंच का? — वडोदरा

खरं आहे ताई. न्यू जर्सीत चालवणाऱ्यानं गाडी रस्त्यावर आणण्याआधी छतासकट सगळा दिसता बर्फ काढण्याचा शक्य तितका प्रयत्न करायचा, असा नियम आहे. नाही केला तर २५ ते ७५ डॉलर दंड. आणि उडालेल्या बर्फानं कुणाला इजा झाली किंवा नुकसान झालं तर खाजगी गाडीलाही २०० ते १,००० डॉलर. पेन्सिल्व्हेनियात २०२२ पासून बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांच्या आत गाडीवरचा बर्फ काढायला हवा असा कायदा आहे.

आता तुम्ही म्हणाल, वर तर दोन बोटं ठेवा म्हणालात. ते उभ्या गाडीसाठी. निघायचं असेल तर हिशेब बदलतो. आत हीटर चालू, छत कोमट, त्यामुळे लादीचा खालचा थर सुटलेला. गाडीनं हायवेचा वेग घेतला की पुढून हवा आत घुसते आणि दारासारखी अख्खी पाटी उचलली जाते. मागच्या गाडीच्या काचेवर ती पाटी काय करेल, ते सांगायला नको. पुढे ब्रेक मारला तर तीच पाटी आपल्याच काचेवर घसरत येते.

म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी आतून तापवून छत मोकळं करायचं, सकाळी नाही. सकाळी घाई असते आणि घाईत माणूस फावडं उचलतो. मोठ्या गाड्यांची छतं साफ करायला उंच मचाण काही ट्रक-तळांवर असतात, तिथं पैसे देऊन काम करून घेणंही वाईट नाही.

त्यांच्या गाडीला बाहेर सरकणारी खोली असेल, बटण दाबलं की भिंतच बाहेर येते ती, तर तिच्या वरचा बर्फ आधी काढायला सांगा. तिच्यावर कापडाचं छत्र असतं. त्यावर बर्फाचं पोट आलेलं असताना बटण दाबून खोली आत घेतली की कापड फाटतं, किंवा बर्फ खोलीसोबत दिवाणखान्यात येतो. हे मी केलेलं नाही, एवढं समाधान आहे.

तुमचं सदर आवडतं, पण इंदुरात बर्फ पडत नाही हे आपणांस ठाऊक असावे. मग ही पानं कुणासाठी? — एक ज्येष्ठ वाचक, नारायण बाग

साहेब, ज्यांची पोरं तिकडं आहेत त्यांच्यासाठी. नारायण बागेत एका गल्लीत अशी किती घरं आहेत ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

शिवाय गारपीट विसरलात. माळव्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू उभा असताना गारा येतात आणि दहा मिनिटांत छत पांढरं होतं. गाऱ्हाणं तेच : प्लास्टिकच्या झडपा. गार थांबल्यावर त्यांच्या कडेनं साचलेल्या गारा हातानं किंवा मऊ झाडूनं बाजूला करा, पन्हळीची भोकं मोकळी करा, आणि मग बॅटरी घेऊन झाकणांवर केसाएवढे तडे आहेत का ते उजेड तिरका पाडून पाहा. सरळ उजेडात तडा दिसत नाही. गाडी डाव्या कुशीवर उभी असेल तर पाणी उजवीकडच्या पन्हळीला जाणारच नाही, तेवढं लक्षात ठेवा.

आम्ही चौघं मित्र, लष्कर, ग्वाल्हेर. जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिचा कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, करून घेतलाय : वर सोलर पॅनेल, एक स्कायलाइट, आत दोन बॅटऱ्या, गॅसची शेगडी. जानेवारीत मनालीवरून अटल बोगद्यातून सिस्सूला जाऊन गाडीतच राहायचा बेत आहे. छतावरच्या बर्फाचं काय करायचं? आणि डिसेंबरात ग्वाल्हेरच्या धुक्यातच छतातून पाणी टपकायला लागलं, तर सिस्सूला काय होईल?

ट्रॅव्हलर म्हणजे आपली घरची गाडी. पीथमपूरलाच बनते, माझ्या घरापासून तासाभरावर. तिचं छत पोलादी पत्र्याचं, त्यामुळे तुम्हाला रबर फाटायची भीती नाही. तुमची कमजोर जागा म्हणजे नंतर कापून बसवलेली भोकं : स्कायलाइट आणि सोलरच्या वायरचं.

आधी टपकण्याचं. ते गळती आहे की घाम, हे ठरवा. चार माणसं रात्रभर झोपली की नुसत्या श्वासातून लिटरभराच्या आसपास पाणी हवेत जातं. वरून सकाळचा चहा. थंड पत्र्याला ती वाफ लागली की थेंब होतात, आणि थेंब पत्र्याच्या उतारानं चालत स्कायलाइटच्या चौकटीशी येऊन टपकतात. मग सगळे चौकटीला दोष देतात आणि सिलिकॉनची बंदूक रिकामी करतात. तपासायचं असं : कोरड्या दिवशी, गाडी रिकामी असताना, छतावर चौकटीभोवती बादलीभर पाणी हळूहळू ओता आणि आत एकाला जुना वर्तमानपत्राचा कागद चौकटीला टेकवून बसवा. कागद कोरडा राहिला तर तो घाम होता. ग्वाल्हेरला धुक्यातच टपकलं म्हणता, माझा कौल घामावर. उपाय : झडप बोटभर उघडी ठेवून झोपा, थंडी वाजली तरी, आणि पत्र्याला आतून फोमचा थर चिकटवताना मध्ये पोकळ जागा सोडू नका. पोकळीत पाणी साठतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून गंज दिसेपर्यंत दोन वर्षं गेलेली असतात. माझ्या शेडमध्ये अशी एक गाडी आली होती, आतली रेक्झिन काढली तर फोम स्पंजासारखा पिळता आला.

आता सिस्सू. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. तो झाल्यापासून जानेवारीतही लाहौलमध्ये उतरता येतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की तो गावाबाहेरचा रस्ता आहे. बोगद्याची दोन्ही तोंडं तीन हजार मीटरच्या वर आहेत. बर्फ पडला की मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे पोलीस साध्या गाड्या अडवतात, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर असलेली गाडी) किंवा चाकांना चेन असेल तरच सोडतात. तुमची ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालते, आणि लांब गाडी घाटात आडवी झाली तर तुमच्यामागे शंभर गाड्या उभ्या राहतील. मनालीत मुक्काम करा, रस्ता मोकळा असेल त्या दिवशी सिस्सूला जाऊन या. हे तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे.

छतावरचा बर्फ : सोलर पॅनेलवर बोटभर बर्फ असला तरी वीज जवळपास बंद होते, म्हणून तुम्हाला तो रोज काढायचा मोह होणार. मऊ झाडूनंच काढा, वरून खाली, आणि काच दिसायला लागली की थांबा. उरलेला पातळ थर ऊन पडलं की काच काळी असल्यामुळे आपोआप सुटतो. पॅनेलच्या खालच्या कडेला, अॅल्युमिनियमच्या चौकटीशी, लादीचा बांध तयार होतो. त्याच्यावर स्क्रू-ड्रायव्हर मारायचा नाही. ती काच मारानं कोपऱ्यातून गेली की अख्खी जाते.

रात्री वीज संपत आली तर बॅटरी हा पुढचा धोका. साधी अॅसिडची बॅटरी भरलेली असेल तर उणे पन्नासलाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली असेल तर उणे सात-आठलाच गोठून फुगते. तुमच्या बॅटऱ्या लिथियमच्या असतील तर उलटं : वापरायला हरकत नाही, पण शून्याच्या खाली चार्ज करायच्या नाहीत, त्या आतून कायमच्या खराब होतात. सकाळी ऊन पडलं की सोलर आपोआप चार्ज करू लागतो, तेव्हा बॅटरी गाडीच्या आत, ऊबेत ठेवा.

गॅसचंही सांगतो, कारण तिथं गेल्यावर तुम्ही मला फोन कराल. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेलं की वायू व्हायचंच थांबतं. अमेरिकेत निव्वळ प्रोपेन वापरतात, ते उणे बेचाळीसपर्यंत उकळतं, म्हणून तिकडच्या व्हिडिओत उणे पंचवीसला हीटर चालतो आणि आपल्याकडे अर्धा सिलिंडर असून शेगडी फुरफुरते. सिलिंडर तापवायला त्याच्याखाली काही पेटवायचं नाही. आणि शेगडी बंद पडली म्हणून आत सिगडी घ्यायची नाही. ग्वाल्हेरच्या माणसाला हे सांगायला नको. दर हिवाळ्यात उत्तरेकडच्या पेपरात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्यांची बातमी असतेच, आणि गाडी तर खोलीपेक्षा लहान. कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म हजार-दोन हजारात येतो. स्पीकरवर त्याहून जास्त खर्च केला असेल तुम्ही.

एक राहिलं. निघायच्या दिवशी स्कायलाइटच्या सीलंटवरून बोट फिरवून पाहा. आपल्याकडच्या उन्हात भरलेलं स्वस्त सिलिकॉन थंडीत आक्रसतं आणि एका कडेनं कातडीसारखं सोलून येतं. सोललं असेल तर त्याच्यावर नवीन थर देऊ नका. जुनं सगळं प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढा, स्पिरिटनं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पॉलियुरेथेनचं सीलंट भरा आणि दोन दिवस गाडी हलवू नका. जुन्यावर नवं म्हणजे न धुतलेल्या कढईला कलई.

छतावर ताडपत्री टाकून ठेवली तर बर्फ काढायचं कामच राहणार नाही ना? — देवास

राहील, उलट वाढेल. निळी प्लास्टिकची ताडपत्री वाऱ्यात रात्रभर फडफडते आणि कडेच्या रंगावर पॉलिशपेपरसारखी घासते. तिच्या खोलगट भागात पाणी साचून गोठलं की ती छताला चिकटते, आणि मग ताडपत्री ओढताना झडपाही येतात. हवा जाणारं कव्हर मिळतं ते चालेल, तरी वरचा ढीग काढावा लागतोच. जागा असेल तर चार खांबांवर उतरतं पत्र्याचं छप्पर घाला. त्याचा उतार चांगला ठेवा, आणि तो दाराच्या बाजूला नको.

काका, ते सगळं ठीक आहे. जावई तुमच्याशी नंतर बोलला का? — पत्र निनावी, पण अक्षर आमच्या गल्लीतलं वाटतं

बोलतो हो. तुकडा त्यानंच बसवला. कुजलेलं प्लाय कापून नवं टाकलं, वर रबराचं ठिगळ आणि कडेनं सीलंट. मी व्हिडिओ कॉलवर शंभर सूचना केल्या, त्यानं त्यातल्या तीन ऐकल्या. पैशांचं नाव त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही, पण त्या उन्हाळ्यात इंदूरहून शेवेची पाच किलोची पार्सलं दोनदा गेली.

आता दर हिवाळ्यात पहिला मोठा बर्फ पडला की तो मला छताचा फोटो पाठवतो, शिडीवरून काढलेला. यंदाचा परवाच आला. झडपांभोवतीचा ढीग ओढून काढलेला, सगळीकडे दोन बोटं पांढरं सारखं सोडलेलं, आणि कडेला एक स्वच्छ गोल भोक, वीस सेंटिमीटरचं. खाली लेकीचा मेसेज : ‘६५० ग्रॅम. नवा डबा घेतलाय, पोह्यांच्या डब्याला हात लावायचा नाही.’